चार थ्रेड, चार रंग

नाही, खोकला नव्हता तो, तुम्ही हसलात. हसा की, माझी काही हरकत नाही — पण कशाला हसलात ते सांगा, म्हणजे मलाही हसता येईल. मी काय म्हटलं? मी म्हटलं, वन्संचा कॉम्प्युटर चार थ्रेडचा आणि माझा आठ थ्रेडचा, म्हणून चार रंगांपर्यंतचे बॅज वन्संच्या टेबलावर आणि चारच्या वर गेले की माझ्या. ह्यात हसण्यासारखं काय आहे? आमचं एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे भाऊ, युनिफॉर्मवरचे बॅज, एप्रनवरची नावं, टोप्यांवरचे वाघ-सिंह — कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं, रंग ठरवायचे, मशीनला द्यायचं. आमच्या धंद्यात थ्रेड म्हणजे दोरा. चार थ्रेड म्हणजे चार दोरे, चार दोरे म्हणजे चार रंग. आता तुमच्या धंद्यात थ्रेड म्हणजे — काय म्हणालात? परत सांगा. काम करायची वाट? एका वेळी किती कामं पुढे सरकतात त्याच्या वाटा. आणि रंगांचा त्याच्याशी — काही संबंध नाही. काहीसुद्धा नाही? थोडासाही नाही. बरं. मी जरा खाली बसते.

म्हणजे आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, हे कॉम्प्युटर घेताना मी काय दिवे लावले होते ते. जुन्या कॉम्प्युटरचं दुकान होतं एक, वन्सं बाहेर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, अगं ए, तूच बोल, तुला ह्यातलं कळतं — त्या मला अगं ए म्हणतात, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, गिऱ्हाईकासमोरही अगं एच — आणि मला कळतं असं त्यांना वाटतं ते मी वाटू दिलं. दुकानदार म्हणाला, हा आय-फाइव्ह, म्हणजे पाचवाला प्रोसेसर, चार थ्रेड, आणि हा सातवाला, आठ थ्रेड. झालं, मला वाटलं, ह्या माणसाला आपला धंदा माहीत आहे. मी अशी मान हलवली जशी जन्मभर हेच विकत घेत आले. मी विचारलं, बारा थ्रेडचा नाही का? तो म्हणाला, आहे, पण तुम्हाला परवडणार नाही. आता सांगा, हे उत्तर ऐकून माझी चूक मला कशी कळणार होती? मी पुढे विचारलं, जाड दोऱ्याचं काम जमेल का. त्याला दोरा ऐकूच गेला नसावा, तो म्हणाला, जड कामाला सातवाला घ्या. दोघंही शहाण्यासारखे बोलत होतो. तो कॉम्प्युटरबद्दल बोलत होता आणि मी रिळांबद्दल, आणि सगळी प्रश्नोत्तरं बरोबर जुळली. सातवाला चांगला महाग होता, तो मी माझ्यासाठी घेतला, आणि पाचवाला वन्संना. थोरल्या आहेत, नाजूक, थोडक्या रंगांची कामं करतील — असा माझा मोठेपणा.

आणि तो फळा दिसतोय ना तुमच्या मागे? वाचा. वाचा मोठ्याने, लाजू नका. चार रंगांपर्यंत डावीकडे, चारच्या वर उजवीकडे. माझं अक्षर आहे. कित्येक वर्षं तो फळा तिथे आहे आणि शंभर माणसांनी वाचला असेल, एकानेही विचारलं नाही. एक कॉम्प्युटरचे मास्तर येतात कॉलेजातले, त्यांच्या टीमच्या टी-शर्टांसाठी, ते त्या फळ्याकडे बराच वेळ बघत उभे होते. मी त्यांना समजावलंसुद्धा, म्हटलं, प्रोसेसरच्या थ्रेडवर असतं सर ते. ते म्हणाले, अच्छा. त्यांना वाटलं असेल एम्ब्रॉयडरीत असं काही असतं. मला वाटलं, मास्तरांना पटलं. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आज कॉलेजातल्या प्राध्यापकाने माझ्यापुढे मान डोलावली. तो पेपर वाचत होता, तो म्हणाला, छान.

तुम्ही मात्र आल्याआल्या हसलात. बरं झालं. नाहीतरी तुम्हाला बोलावलं ते निकाल द्यायलाच. तुम्ही दोन्ही ओळखता, जुने घेता-विकता, आणि आमच्या घरातले नाही. त्याचं असं झालं, नवं मशीन येतंय, मोठं, बारा सुयांचं, आणि ते ठेवायला एक टेबल हलवल्याशिवाय जागा नाही. एक कॉम्प्युटर काढायचा. मी म्हटलं, सरळ आहे, पाचवाला काढू, सातवाला ठेवू, दोघी आळीपाळीने बसू त्याच्यावर. आणि वन्संना म्हटलं — कौतुकाने हो, अगदी बक्षीस दिल्यासारखं — म्हटलं, वन्सं, आता तुम्हालाही सगळे रंग. मला वाटलं खूष होतील. इतकी वर्षं बिचाऱ्या लाल-पांढऱ्या-पिवळ्यात अडकल्यात, आता मोर काढतील, पोपट काढतील. तर त्यांचा चेहरा असा झाला, कसा सांगू, पाहुण्यांसमोर दूध उतू गेल्यावर होतो तसा. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मी लेकीकडे जाते राहायला. लेक कधीपासून बोलावतेय, म्हणाल्या. आता लेक कधीपासून बोलावतेय हे खरं, पण ह्या कधीपासून नाही म्हणतायत तेही खरं — लेकीच्या घरी मला पाहुणीसारखं खुर्चीत बसवून ठेवतात, असं वन्संनीच मला सांगितलंय — मग आत्ताच काय झालं? मी विचार केला, अपमान झाला. त्यांच्या कॉम्प्युटरला मी कमी लेखलं. माणसाचं होतं तसं, त्यांनी त्याला कापडाचं कव्हर शिवलंय, झालर लावून. म्हणून तुम्हाला बोलावलं, की तटस्थ माणसाने दोन्ही बघावेत आणि वन्संदेखत सांगावं, पाचवाला पण चांगला आहे हो, पण सातवाला जरासा उजवा. जरासा म्हणायचं, असं मी तुम्हाला जिन्यातच सांगणार होते.

बघा तर मग. माझी गंमत नंतर करा, आधी काम करा. दोन्ही सुरू आहेत. एकच डिझाइन दोन्हींवर उघडा — ते पोपटाचं घ्या, पक्ष्यांच्या दवाखान्याचं, अकरा रंग आहेत त्यात, काल दिवसभर माझं डोकं खाल्लं त्याने. वन्संच्यावर पण उघडतंय? अकराच्या अकरा? आणि आता टाके पाडा म्हणायचं, ते बटण, हो — दोन्हीकडे एकदम दाबा. आता माझ्याकडे तो गोल गोल फिरत बसेल, मी तेवढ्यात चहा ठेवून येते नेहमी — झालं? कुठलं झालं? वन्संचं झालं. माझं फिरतंय अजून. फिरतंय. पंख आले. शेपूट राहिली. हं. आता आलं. परत करा. — परत तेच. भाऊ, तुम्ही काही केलं नाहीत ना त्याला? मग हे कसं? सावकाश सांगा, मी हुशार असल्यासारखी मान हलवणार नाही आज, खरोखर ऐकते. म्हणजे आमचं हे सॉफ्टवेअर जुनं, ते एका वेळी एकाच वाटेने चालतं. बाकीच्या वाटा रिकाम्या. आणि एकाच वाटेने जायचं तर ज्याचा पाय जलद तो पुढे. पाचवाल्याचा पाय जलद. सातवाल्याला वाटा आठ, पण हा जो सातवाला मला मिळालाय तो वीज वाचवणारा, सावकाश चालणारा. म्हणजे मी जास्त पैसे मोजून आठ दोऱ्यांचा घेतला, आणि तो एकाच दोऱ्याने शिवतो, तोही दमून. आणि वन्संना स्वस्तातला दिला तो धावतो. वा. ह्याला म्हणतात अक्कल. नाही, तुम्ही हसा आता, मोकळेपणाने हसा, मीच हसतेय बघा, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

वन्सं येऊ द्या, दवाखान्याचे एप्रन पोचवायला गेल्यात, आल्या की त्यांना सांगते. म्हणते, वन्सं, तुमच्या भावजयीने इतकी वर्षं तुम्हाला चार रंगांत कोंडून ठेवलं, आणि सगळे रंग तुमच्याकडे पहिल्यापासून होते. कपाळावर हात मारतील. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, त्या माझ्याच भरवशावर — नाही, थांबा. थांबा हं. ठाऊक आहे त्यांना. आत्ता आठवलं मला. त्यांचे जावई आले होते, कॉम्प्युटरमध्येच असतात ते, त्यांनी ह्या पाचवाल्यात काहीतरी घातलं होतं, मेमरी, आणि फळा वाचून तेही हसले होते तुमच्यासारखेच. मी आत चहा गाळत होते. वन्संचा आवाज ऐकला मी — हळू, पण मला ऐकू येतं — ते चार रंगांचं तिच्यापाशी नका काढू. मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, आपला कॉम्प्युटर चारच रंगांचा ह्याची जावयासमोर लाज वाटतेय. मी बाहेर आले ती मुद्दाम म्हणत आले, चार रंग काही कमी नाहीत हं जावईबापू. कसलं समजूतदार वाटलं मला माझं. म्हणजे जावयांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांना कळलं होतं की फळा खोटा आहे. आणि त्यांनी तो पुसला नाही, मला सांगितलं नाही, त्या डावीकडे बसून राहिल्या लाल-पांढऱ्या-पिवळ्यात. माझी फजिती नको म्हणून? एखाद्या दिवशी ठीक आहे हो. पण ह्या बाईने माझी फजिती करायची संधी कधी सोडली नाही, माझ्या लग्नात माझी उंच टाचांची चप्पल कशी तुटली ते त्या अजून नव्या गिऱ्हाइकांना सांगतात. मग हेच का सोडलं?

जास्तीचं काम नको म्हणून म्हणावं, तर कामाला त्या माझ्या दुप्पट. आणि हात बघा त्यांचा — हा कोपरा बघा, ही वेलांटी, अक्षर वळतं तिथे एक टाका इकडचा तिकडे नाही. मला नाही येत असं. डिझाइन काढावं वन्संनीच. फक्त रंग म्हटलं की — ते काय हातात घेतलंत तुम्ही? रीळ आहे ते, ठेवा जागेवर, वन्संच्या खणातलं आहे, त्यांना हललेलं चालत नाही. हो, चिठ्ठ्या आहेत सगळ्या रिळांवर. वन्संनी चिकटवल्यात. लाल. काळा. गडद निळा. केवढं मोठं अक्षर काढलंय ना, मी चिडवायचे त्यांना, म्हटलं वन्सं, काळ्यावर काळा लिहिलंय, न जाणो, पांढरा समजून वापरला तर. त्या म्हणायच्या, शिस्त म्हणतात ह्याला, तुझ्यात नाही. मीही म्हणायचे, शिस्त.

माझ्या रिळांवर चिठ्ठ्या नाहीत. मला कशाला लागतील. दिसतं ना, गडद निळा कुठला नि काळा कुठला. — दिसतं.

मागे वन्संकडे ते वॉचमन लोकांचे शर्ट होते, निळ्याने नाव काढायचं होतं खिशावर, आणि सगळी नावं जांभळी झाली. वन्सं रिळांच्या कंपनीला किती बोलल्या, कंपनीतूनच रिळावर चुकीचा रंग लिहून आला म्हणून. मी त्यांच्या बाजूने भांडले फोनवर, तावातावाने. आणि कोणी कापडाचा नमुना आणला की त्या तो घेऊन दारात जातात, उजेडाला धरतात, आणि गिऱ्हाइकालाच विचारतात, तुम्ही काय म्हणता ह्या रंगाला? मला वाटायचं, काय गोड बोलते ही बाई, गिऱ्हाइकाला मान देते. आणि ते मोजे. अहो, हिवाळ्यात एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून आल्या, आणि मी — दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं — मी म्हटलं, वन्सं, आज दोन पक्षांत आहात की काय. सगळे हसले. वन्संही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पांढरेच मोजे घालतात. आत्तापर्यंत पांढरेच. मला वाटलं, आवडतात.

एकसारखे रंग जवळजवळ आले की त्यांना ओळखू येत नाहीत. असंच आहे ना हे? तुम्ही काय सांगणार, तुम्ही प्रोसेसर तपासायला आलात. पण असंच आहे. चार रंगांत निभतं — लाल, पांढरा, पिवळा, काळा, कोणी एकमेकांच्या जवळचं नाही. पोपटात मात्र हिरवेच पाच आहेत. आणि मी शहाणी, मी त्यांना सांगितलं, आता तुम्हालाही सगळे रंग. बक्षीस म्हणून. म्हणून लेकीकडे. म्हणून तो चेहरा. माझ्या मूर्खपणाच्या आडोशाला ती बाई सुखाने काम करत होती, आणि तो आडोसा मीच काढून घेतला, नवं मशीन येणार म्हणून. मला नको आहे हो त्यांनी जायला. हे मी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही, सगळ्यांना म्हणत होते, त्यांची मर्जी, लेक आहे, जाऊ देत. पण मला इथे एकटीला बसवणार नाही. माझ्या डिझाइनला नावं कोण ठेवील? मला अगं ए कोण म्हणेल? त्या खुर्चीत बसवून ठेवतील त्यांना तिकडे, हातात काही काम न देता, आणि त्या बसतील, कारण कोणाला काही म्हणायचा त्यांचा स्वभाव नाही — मला सोडून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेईनच, माझा चष्मा बदलायचाय म्हणून सोबतीला नेईन आणि तिथे म्हणेन, आलोच आहोत तर तुमचेही बघू द्या. ते माझं मी बघते. आज तुम्ही माझं एक काम करा.

श्श. चप्पल वाजली जिन्यात. त्याच आहेत, अर्ध्यात थांबून दम खातात, तेवढा वेळ आहे आपल्याला. ऐका. सातवाला तुम्ही घेऊन जायचा, आत्ताच. काय द्याल ते द्या, मी घासाघीस करणार नाही. पाचवाला राहील. आणि त्यांनी विचारलं तर सांगायचं की ह्याचे थ्रेड चारच, डिझाइन हवं तेवढं काढा, पण चारच्या वरचे रंग ह्यात धरत नाहीत, ते मशीनपाशी उभं राहून दुसऱ्याने घालावे लागतात. — माहितीय मला खोटं आहे ते. अहो, मी इतकी वर्षं खरं समजून सांगितलं, तुम्ही एकदा खोटं समजून सांगा. त्यांना ठाऊक आहे हेही मला ठाऊक आहे, पण मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, तेवढ्यावर निभेल. मी मूर्खच राहते, मला त्याची सवय आहे. फक्त हसू नका. खोकूसुद्धा नका.

या वन्सं. पोचले एप्रन? बसा, पाणी घ्या आधी. हे कॉम्प्युटरवाले भाऊ, दोन्ही तपासले त्यांनी, आणि तुमचा उजवा निघाला. हो, तुमचा. दुप्पट जलद, मी बघितलं डोळ्यांनी — म्हणजे, समोरच बसले होते. माझा जातोय. आठ थ्रेडचा असला म्हणून काय झालं, मंद आहे, मालकिणीवर गेलाय. फक्त एक अडचण आहे हं वन्सं. तुमचा पडला चार थ्रेडचा. तर असं करायचं म्हणतात हे, की डिझाइन सगळी तुम्ही काढायची, मोर, पोपट, जे येईल ते, माझे कोपरे तुम्हाला पसंत नाहीतच — आणि रंगांच्या जागी तुम्ही नुसते आकडे टाकायचे, एक, दोन, तीन. रंग मी घालीन, तिकडे, मशीनपाशी. चारच्या वर ह्यात धरत नाहीत ना, काय करणार. म्हणजे तुम्हाला लेकीकडे जाऊन चालायचं नाही, माझं एकटीचं व्हायचं नाही ते. भाऊंना विचारा हवं तर. — सांगा ना भाऊ. — बघा, हो म्हणाले.

काय झालं? अशा काय बघताय माझ्याकडे. — वन्सं. — अहो, मी आहे ती मूर्खच आहे, तुम्हाला काय नवीन आहे त्यात. — नाही, मोज्यांचं मी — नाही, ते राहू द्या. राहू द्या म्हणते ना. द्या ती पिशवी इकडे. बसा तुमच्या जागेवर.

भाऊ, तुम्ही उचला तो डबा आणि या आता. बाकीचं उद्या फोनवर बोलू. दार तेवढं ओढून घ्या.